इतिवृत्तात न आलेलं

सभेला सत्तेचाळीस जण हजर, असं मी लिहिलं.
चॅपलच्या मागच्या खोलीत हीटर एकच,
त्याच्याभोवतीच्या खुर्च्या साडेसहालाच भरल्या होत्या,
हे लिहिलं नाही.

वेल्सच्या नकाशावर आमचं गाव नेमकं घडीवर येतं;
उघडून-मिटून तिथला कागद विरलाय.

विषय पहिला: ओढ्यावर टर्बाइन बसवावं की कसं.
ठराव मांडला मेरेरिद प्रॉसरनं, बेकरीवाल्या.
भाषण नाही. नुसतं विजेचं बिल वर धरलं,
मासा शेपटीला धरावा तसं.
"पृथ्वीचं तुम्ही बघा," म्हणाली,
"मला पहाटे तीनला भट्टी तापवायची असते."

एमरिसचं म्हणणं, हे सगळं बाहेरून येतं.
आधी सांगितलं, डोंगर फोडा, जगाची घरं शाकारा;
आमच्या बापजाद्यांनी फोडला.
मग सांगितलं, खाण बंद.
आता म्हणतात, धूर तुमचाच.
बोलताना त्याचा तळवा टेबलावरून फिरत होता,
दगडाची भुकटी झटकावी तसा.
टेबल स्वच्छ होतं.
मी लिहिलं: श्री. एमरिस यांनी शंका उपस्थित केली.

मागून कुणीतरी: आपण तीनशे माणसं.
आपल्या दिव्यांनी समुद्र बोटभर तरी उतरेल का?
यावर कुणाकडेच काही नव्हतं.
लाउरी, वय सोळा, मताचा अधिकार नाही,
उभी राहिली,
आणि काहीच न बोलता खाली बसली.
ते बसणं कसं लिहायचं, मला कळलं नाही.

मग इद्वल. मेंढ्यांच्या औषधांची वही घेऊन आलेला.
मागच्या पानांवर पेन्सिलीनं नोंद:
तळं कुठल्या तारखेला गोठलं,
कुत्र्याला पेलेल एवढं.
शेवटची नोंद सत्त्याण्णवची. कुत्रीचं नाव नेल.
"त्यानंतर चार कुत्री झाली माझ्याकडे.
एकालाही बर्फावरून चालायला मिळालं नाही.
मी काही सिद्ध करत नाहीये. तुम्ही विचारलंत म्हणून."
कुणीच विचारलं नव्हतं.

बाजूनं एकोणतीस, विरुद्ध चौदा, तटस्थ तीन.
बेरीज जुळेना म्हणून मी दोनदा केली;
मग लाउरी आठवली.

पाइप टाकायच्या शनिवारी
पहिला आला तो एमरिस, पहार घेऊन.
"मत विरुद्धच आहे," म्हणाला,
"पण खडक असा फोडत नाहीत."
आणि शिरेवर बोट ठेवून दाखवलं
दगड कुठून राजी होतो ते.

दोन हिवाळे बरे गेले.
बेकरीच्या खिडकीत मीटर लावला,
पावाबरोबर लोक आकडाही बघून जात.
पाऊस आला की आता कुणी शिव्या देईना;
एवढी एक सुधारणा मी स्वतः पाहिली.

आणि हा जुलै. छत्तीस दिवस थेंब नाही.
मीटरवर शून्य.
मेरेरिदनं खिडकीचा पडदा ओढला,
घरात कुणी गेल्यावर ओढावा तसा.
"सांगितलं होतं," असं म्हणायला
चौदाही जण मोकळे होते.
दोघं-तिघं म्हणालेही. पण आवाजात जोर नव्हता.

काल संध्याकाळी मी बांधाकडे गेलो.
वाटलं, एकटाच असेन.
तिथं एमरिस, मेरेरिद पीठभरल्या हातांनी,
तो समुद्रवाला, लाउरी, आणखी बरेच.
वर्षानुवर्षं एकमेकांना पाण्यात पाहणारी माणसं
ओळीनं उभी राहून
पाणी पाहत होती.
जेवढं होतं तेवढं.

कुणी ठराव मांडला नाही.
इद्वलनं काठी ओढ्यात उभी धरली,
ओल कुठवर चढली ते नखानं मापलं,
आणि मला म्हणाला,
वही घरी राहिली. तू लिहून घे.